पंचावन्नाव्या वर्षाचा शेरा

सकाळी पावणेदहाला मुरबाडमधल्या एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून गोजर यांनी हजेरीपट उघडला, तेव्हा टोकावड्याहून एस.टी.ने आलेला शिपाई विठू तीन पायऱ्यांपैकी दुसरीवरच बसून श्वास गोळा करत होता.

"काय विठू, एस.टी. ढकलत आणलीस का रे?" आतून कुणीतरी विचारले. विठू हसला आणि खोकत राहिला.

पंचावन्न वर्षे पूर्ण झालेल्यांपैकी ज्यांना काम झेपत नाही त्यांना मुदतीआधीच निवृत्त करायचे, असा वरून आदेश होता. अठ्ठावीस वर्षांत एकही खोटा शेरा न लिहिलेल्या गोजरांनी अहवालाच्या कागदावर विठूच्या नावापुढे 'अकार्यक्षम' असे लिहिले आणि त्याला जवळ बोलावून हळू आवाजात सांगितले, "आता घरी आराम कर. पेन्शन मिळेल तुला."

विठूने टेबलाची कड घट्ट धरली.

"नको भाऊसाहेब. डॉक्टर बोलला, दिवाळी नाय बघायचा मी. नोकरीत असताना मेलो, तर माझ्या पोरीला, राहीला, अनुकंपावर कामाला घेतील. तुमी आताच घरी धाडलंत, तर तिला कोण विचारतंय?"

गोजरांनी त्याला आपल्या खुर्चीत बसवले आणि माठातले पाणी स्वतः आणून दिले.

 

मग तो कागद फाडून त्यांनी नव्या कागदावर नेहमीच्याच स्वच्छ अक्षरात लिहिले : 'प्रकृती उत्तम. सेवेत ठेवण्यास योग्य.'