वॉर्निशचा थर

सौरवादळाने गावातल्या सगळ्या बोलक्या गाड्या मुक्या होऊन बंद पडल्या, त्याला चार दिवस झाले होते. संग्रहालयातली पेट्रोलची जीप तेवढी सुरू झाली, पण आचके देत, काळा धूर ओकत. घाटावरच्या दवाखान्यात रक्ताच्या पिशव्या पोचवायच्या होत्या आणि पेट्रोल होतं सहा लिटर. या चालीने ते निम्म्या घाटातच संपलं असतं.

“काय दुखतंय तुला?” संग्रहालय सांभाळणाऱ्या निनादने सवयीने जीपलाच विचारलं.

“सरक,” म्हाताऱ्या मेकॅनिक शेवंताबाई म्हणाल्या. गाड्या आपलं दुखणं आपणच सांगू लागल्यापासून, तीस वर्षांत त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली.

“चारही सिलिंडर सारखेच गुदमरतायत. हवा मिळत नाही, म्हणून नुसती पेट्रोल पितेय.”

इंजिनात हवा सोडणारी चोकची झडप वॉर्निशने चिकटून अर्धी बंद राहिली होती.

“गंजू नये म्हणून दरवर्षी मीच लावतो,” निनाद ओशाळला.

शेवंताबाईंनी थर खरवडून झडप मोकळी केली. इंजिन एका लयीत घुमू लागलं. पिशव्या मागे ठेवून बाई स्वतःच स्टिअरिंगवर बसल्या.

जीप घाटाच्या वळणाआड गेली, तेव्हा निनादने तिच्या रिकाम्या चौथऱ्यावरची ‘हात लावू नये’ ही पाटी उपटून टाकली.