अकराशे तक्रारींचा गठ्ठा

"...आणि त्या कंपनीचं नाव आहे..." व्हर्लीन एवढं म्हणाली आणि टेबलावरचा लाल दिवा लागला.

"पाच मिनिटं झाली, बाई. बसा आता," समितीचे अध्यक्ष हल्म म्हणाले. इतकं गोड हसत, की ऐकणाऱ्याचे दात किडावेत.

व्हर्लीन ओहायोत शाळेची बस चालवते. कर्जाचे हप्ते सगळे वेळेवर, तरी कंपनीनं तिची गाडी दारातून ओढून नेली. वर धमकीचं पत्र, आमचं नाव कुठं घेतलंस तर कोर्टात खेचू! तिनं सरकारी ग्राहक खात्याकडे तक्रार केली. खात्यानं नियम काढला, की अशा तक्रारी कंपनीच्या नावासकट लोकांना दाखवायच्या. आणि वॉशिंग्टनमधली ही संसदेची समिती आज तोच नियम मोडीत काढायला बसलेली. निदान इथं साक्षीत तरी ते नाव घेता येईल, दुसरं कुणी फसणार नाही, म्हणून ती रात्रभर प्रवास करून आली होती.

हल्मसाहेब मात्र भलतेच रंगात! समोर हा जाडजूड गठ्ठा. खात्याला दम देऊन त्यांनीच मागवलेल्या मूळ तक्रारी, अकराशे. त्यातल्या वाचल्या किती? तीन. त्याही मदतनिसानं पिवळ्या चिठ्ठ्या लावून दिलेल्या.

"ऐका! हा म्हणतो, बँकेच्या फोनवरचं गाणं रडकं आहे! आणि ही बाई? कॅशियर तिच्या पोपटाशी उद्धट बोलला!"

मागच्या खुर्च्यांवरचे कंपन्यांचे दलाल पोट धरून हसले.

"बाकीच्या वाचल्यात का तरी?" विरोधी पक्षाच्या म्हाताऱ्या किनसेलाबाईंनी विचारलं.

झालं, हल्म पेटले. "वाचायच्या कशाला? सगळा गठ्ठा घाला आजच्या कामकाजाच्या नोंदीत! बघू दे देशाला ही रद्दी! कुणाची हरकत?"

हे तिथं रोजचंच. पत्रं, कात्रणं, काय वाटेल ते कामकाजात घालतात. हरकत विचारायची, कुणी बोलत नाही, हातोडा मारायचा.

मागून मदतनीस धडपडत उठला. "साहेब, अहो साहेब..." हल्मनी त्याला माशीसारखा झटकला.

"आमची काहीच हरकत नाही," किनसेलाबाई घाईघाईनं म्हणाल्या.

ठक्! हातोडा पडला.

मग मतदान. बारा विरुद्ध नऊ. नियम मेला. दलालांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. व्हर्लीननं पर्स उचलली आणि मान खाली घालून दाराकडे निघाली.

"बाई, थांबा जरा." कामकाज लिहिणारा कारकून गठ्ठा घेऊन आला. "पान दोनशे बारा. ही तुमचीच ना?"

तिचीच. शब्द न् शब्द. कंपनीचं नाव, पत्ता, सगळं.

"हे आता कुठं जाणार?"

"छापून येणार. देशभर, कायमचं. कामकाजात गेलं की कुणाला काढता येत नाही. आणि त्यावरून तुम्हाला कुणी कोर्टातही खेचू शकत नाही."

"पण नियम तर मेला ना! मग हे छापतंय कोण?"

कारकुनानं पानाच्या डोक्यावर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं : अध्यक्ष हल्म यांच्या आग्रहावरून.