नॉर्मल स्टडी

“एवढंच? माझ्या लेकीचं एवढंच?” तारामती कागद उलटून बघत पुटपुटली. मागची बाजू कोरी होती.

शेजारी बसलेल्या हाजराबीनं ऐकलं, पण मान वळवली नाही. तिच्या मांडीवरही तसंच मोठं पाकीट होतं. त्यातून दोन पानं डोकावत होती. दोन्ही भरलेली. तारामतीनं ती केव्हाच हेरून ठेवली होती.

लातूरच्या त्या स्कॅन सेंटरवर दोघी आया लेकींचे रिपोर्ट घ्यायला आल्या होत्या. पोरी क्लासला होत्या. काल डोक्याचा एमआरआय झाला म्हणून आजची टेस्ट बुडवायची, अशी पद्धत लातुरात नाही. मुरुडची उज्वला आणि उदगीरची नाजिया एका रूमवर राहायच्या, एकाच बॅचला होत्या. दर सोमवारी क्लासच्या भिंतीवर मार्कांची यादी लागे आणि उज्वला तिचा फोटो घरी पाठवी. तारामती त्यात आधी नाजियाचं नाव शोधायची, मग आपल्या लेकीचं. ते बरंच खाली सापडायचं.

आठ दिवसांपूर्वी उज्वला वर्गात चक्कर येऊन पडली. नाजियानं तिला रिक्षात घालून डॉक्टरकडं नेलं. तारामती मुरुडहून धावत पोचली. डॉक्टरांनी उज्वलाला तपासलं, दोन प्रश्न विचारले आणि मग सोबत आलेल्या नाजियाकडंच बघत राहिले. भिंतीला हात लावून का चालतेस? डोकं कधीपासून दुखतंय? सकाळी उठल्यावर उलटी होते का? शेवटी त्यांनी दोघींचेही एमआरआय लिहून दिले.

“पडली माझी, अन् इचारपूस तिची,” तारामती त्या दिवशी नवऱ्याला फोनवर म्हणाली होती.

काल मशीनपाशीही तेच झालं. उज्वला वीस मिनिटांत बाहेर. नाजियाला मात्र मध्येच इंजेक्शन देऊन पुन्हा आत घेतलं. भिंतीपलीकडून धाडधाड आवाज सुरू झाला, तशा दोघी आया एकदमच उठून रस्त्याकडं पळाल्या. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी दोघी पंधरा-सोळाच्या होत्या. अजूनही असा आवाज आला की त्यांच्या पायांना पळा म्हणून सांगावं लागत नाही. काउंटरवरचे किशनराव हसून म्हणाले, “मशीन हाय बायांनो, या आत.” तेव्हाही दारात हाजराबीच आधी पोचली होती, हे तारामतीच्या ध्यानात राहिलं.

आणि आज तर कहरच. किशनरावांनी तारामतीच्या हातात काउंटरवरूनच पाकीट सरकवलं. “डॉक्टरांना दाखवा अन् जावा गावाकडं.” हाजराबीचं पाकीट द्यायला मात्र ते स्वतः उठून बाहेर आले. पाणी विचारलं. खालच्या आवाजात म्हणाले, “बसा थोडं. घरचं कुणी मोठं माणूस बोलवून घ्या.”

हाजराबीचा भाऊ अकरम याचं उदगीरला मेडिकल होतं. तिनं दोन्ही पानांचे फोटो त्याला पाठवले. लगेच त्याचा फोन आला. तिनं ओढणी तोंडाशी धरून एक शब्द विचारला. “अकरम? बोल ना, अकरम?” मग पलीकडचं ऐकून तिनं फोन खाली ठेवला.

“निघाला म्हणं तो,” ती म्हणाली.

तारामतीनं पुन्हा नवऱ्याला फोन लावून बघितला. हिच्या लेकीच्या कागदासाठी मामा उदगीर सोडून निघतो, आणि आपला नवरा फोनसुद्धा उचलत नाही. तिनं पुन्हा आपला कागद डोळ्यांसमोर धरला. मार्कांच्या याद्या वाचून वाचून तिला इंग्रजी अक्षरं लावता यायला लागली होती. सगळ्यात खाली जाड अक्षरात होतं, ते तिनं बोट ठेवून जुळवलं. नॉर्मल स्टडी.

स्टडी म्हणजे अभ्यास, हे लातुरातल्या रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. तारामती तरातरा काउंटरपाशी गेली.

“साहेब, तुमाला डोकं तपासाया सांगितलं होतं. अभ्यास कसा हाय ते कुणी इचारलं होतं? साधाच हाय म्हणून लिवून दिलं! आमाला काय ठावं न्हाई का ते? अन् तिच्या पोरीचं दोन-दोन पानं कवतिक!”

किशनरावांनी कागद बघितला, मग तिच्याकडं बघितलं. त्यांना हसू आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

“ताई, हितं स्टडी म्हंजे तपासणी. नॉर्मल म्हंजे पोरगी ठणठणीत हाय. उपाशीपोटी क्लासला जात असंल. खाऊ घाला तिला.”

आठ दिवसांत पहिल्यांदाच तारामतीनं पोटभर श्वास घेतला. आणि तो सोडता सोडता तिनं विचारलं, “मग त्या दोन पानांत काय हाय?”

किशनराव पाकिटं नीट लावायला लागले. ती नीटच लावलेली होती.

तारामती सावकाश मागं वळली. हाजराबी तिच्याकडंच बघत होती.

“मशीनचं काय खरं असतंय,” तारामती घाईघाईनं म्हणाली. “त्यालाबी चुका होत्यात. आपुन दुसरीकडं दाखवू, हाजराबी. न्हाई का हो साहेब?”

“हाव, दाखवा की,” किशनराव पाकिटांकडं बघतच म्हणाले.

“गाठ हाय म्हणा की कुणीतरी!” हाजराबी बाकावरूनच म्हणाली. “माझ्या नाजियाच्या डोक्यात गाठ हाय. अन् ताराबाई, तुमच्या पोरीच्या डोक्यात काहीच न्हाई. कवाची जळून राहिले मी तुमच्यावर.”