दोन कुलपांचं दार

धक्क्यावर धुकं इतकं दाट होतं की गोदाम दिसायच्या आधी धाकटीला त्याचा वास आला. जुन्या चहाचा, डांबराचा, ओल्या दगडाचा. एरवी ती झपझप यायची. आज पाय उचलत नव्हता, कारण आज कुलपं तपासायला साहेब येणार होते.

जकातीचं हे गोदाम दीडेकशे वर्षांपूर्वीचं. जहाजातून उतरलेला माल जकात भरेपर्यंत इथे झोपून राहायचा. धड देशात आलेला नाही, धड बाहेरही नाही. सरकारचा व्यापाऱ्यावर भरवसा नव्हता, व्यापाऱ्याचा सरकारवर, म्हणून दाराला दोन कुलपं. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. पुढे माल गेला, व्यापारी गेले, इमारत संरक्षित झाली, माणसं बघायला येऊ लागली. राखणदार मात्र दोनच राहिले. एक किल्ली थोरल्या भावाकडे, एक धाकट्या बहिणीकडे.

आईच्या आजारपणात दोघांच्या तोंडून नको ते निघून गेलं आणि तेव्हापासून अबोला. एकमेकांच्या घरी जाणं-येणंही बंद. उरलं होतं ते एवढंच, की रोज सकाळी दारापाशी शेजारी उभं राहायचं, त्याने आपलं कुलूप काढायचं, तिने आपलं. मग दिवसभर आतल्या गार अंधारात दोन टोकांना बसून फरशीवरून सरकणारा उन्हाचा पट्टा बघायचा. धाकटीला तेवढंही पुरत होतं.

आणि नेमकं तिचंच कुलूप मेलं होतं. नुसतं ओढलं तरी हातात यायचं. ती बापडी रोज किल्ली घालून, दात-ओठ खाऊन फिरवल्याचं नाटक करायची. कुलपं चालू असतील तर जोडी ठेवू, नाहीतर एकच नवं कुलूप आणि एकच माणूस, असं साहेबांनी आधीच कळवलं होतं.

दाराजवळ दोन आकृत्या दिसल्या तशी ती खांबाआड थबकली. वाट बघून कंटाळलेल्या साहेबांनी सहज तिच्या कुलपाला हात घातला. ते निघून त्यांच्या हातात आलं.



"हे तर उघडंच आहे," साहेब म्हणाले आणि दुसऱ्या हाताने त्यांनी पिशवीतून नवं कुलूप काढलं.

दादाने त्यांच्या हातातून जुनं कुलूप घेतलं, कडीत अडकवलं आणि अंगठ्याने एका कडेला दाबून बसवलं. कुठे दाबलं की ते टिकतं, हे त्याला बरोबर माहीत होतं. रात्रभरच्या वाऱ्यात हे धूड जागेवर राहतं कसं, याचं धाकटीला इतके दिवस नवल वाटत होतं.

"आता लागलंय," दादा म्हणाला. "ती आली की उघडेल."

ती पुढे झाली. दादाने आपलं कुलूप काढलं. तिने आपल्या कुलपात किल्ली घातली, पण डोळे भरून आल्यामुळे तिला काही दिसेना. साहेब एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले. मग हातातलं नवं कुलूप त्यांनी पुन्हा पिशवीत टाकलं.

"आज जरा जड जातंय," धाकटी कुलपाकडे बघत म्हणाली.

"हवा दमट आहे," दादा म्हणाला. "होऊ दे सावकाश. मी थांबतो."