टिडवेलचा पहिला होमरन

चेंडू कुंपणापलीकडच्या मक्यात जाऊन पडला आणि डेल्मर टिडवेल क्षणभर पळायचंच विसरला. अकरा वर्षं छोट्या गावांच्या बेसबॉल संघांतून दुसरा बेस सांभाळणाऱ्या या माणसानं आजवर असा कुंपणापार फटका, होमरन, एकदाही मारला नव्हता. अंपायरनं हात गोल फिरवला तेव्हा कुठं तो निघाला.

चारही बेसना पाय लावून तो आपल्या संघाच्या बाकाकडं आला. कुणी उठलं नाही. कुणी सूर्यफुलाच्या बिया चघळत होतं, कुणी बुटाची नाडी बांधत होतं. डेल्मरला मनातल्या मनात हसू फुटलं. या खेळातली ही जुनी चेष्टा: पहिला होमरन मारणाऱ्याला आधी कुणी विचारतच नाही, जणू तो पाणी पिऊन परत आलाय. मग एकदम सगळे अंगावर तुटून पडतात. त्यानं स्वतः कितीतरी पोरांना असं तंगवलं होतं. तो निमूट टोकाला बसला आणि वाट पाहू लागला.

"अरे, ताणता किती?" थोड्या वेळानं तोच म्हणाला. "म्हातारा मरेल इथं."

तेहतीस वर्षांच्या डेल्मरला सगळे आजोबा म्हणायचे. आज सकाळपासून ती हाकही कानावर आली नव्हती. पण दिवसच तसा होता. वरच्या संघातून उद्या एक नवा खेळाडू येणार होता आणि त्याच्यासाठी दुसऱ्या बेसच्या दोघांपैकी एकाला घरी पाठवायचं होतं. डेल्मर, नाहीतर एकवीस वर्षांचा नेस्टर. या आठवड्यात नेस्टरच्या पायांतून तीन चेंडू गेले होते.

डेल्मरला घर म्हणावं असं कुठं काही नव्हतं. बायको कधीच तुल्साला निघून गेली होती. हिवाळाभर तो टायरच्या गोदामात राबायचा आणि डबा एकटाच खायचा. एप्रिलमध्ये खेळाचा मोसम सुरू झाला की त्याला माणसं मिळायची, चेष्टा करणारी, नावं ठेवणारी. तीही हातची जातात की काय, या धास्तीनं आठवडाभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. आता जिवात जीव आला. होमरन मारणाऱ्याला त्याच दिवशी कोण काढतं?

मॅच जिंकली. तरी कुणी तुटून पडलं नाही. कपडे बदलतानाही शुकशुकाट. चेंडू टाकणारा हॉब्स तर त्याला पाहून तोंड धुवायला वळला. हद्द झाली यांची, डेल्मरला वाटलं. पण बरंही वाटलं. एवढं नाटक परक्यासाठी कोण करतं?

तेवढ्यात मॅनेजरनं नेस्टरला आत बोलावलं. बाकीचे एकेक करून बाहेर सटकले. पार्किंगमध्ये बर्फाच्या पाण्याच्या बादल्या घेऊन दबा धरणार, हे डेल्मरनं ओळखलं. तो मुद्दाम रेंगाळत राहिला.

पाच मिनिटांनी नेस्टर बाहेर आला. डोळे लाल. येऊन डेल्मरशेजारी मटकन बसला.

"रडतोस काय, येड्या?" डेल्मरनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "मला दोनदा काढलंय. मेलो का? चार फोन केले, दुसऱ्या गावात जागा मिळाली. घरी आई आहे ना तुझी?"

नेस्टरनं मान हलवली.

"मग झालं तर. जा, महिनाभर तिच्या हातचं खा. या खेळापलीकडंही जग आहे म्हणतात. मी काही बघितलं नाही, तू बघून ये."

नेस्टर हुंदका आवरत काही बोलू पाहत होता. डेल्मरनं त्याला बोलूच दिलं नाही.

"आणि पोरांवर रुसू नकोस. त्यांची माझ्याशी गंमत चाललीय, म्हणून तुझ्याकडं कुणाचं लक्ष नाही. चल, ऊठ. बाहेर मला भिजवतील, तूही भीज."

उठू लागलेल्या डेल्मरचा हात घट्ट धरून नेस्टरनं त्याला खाली बसवलं.

"मला नाही काढलं, आजोबा," तो म्हणाला. "मला ठेवलंय, हे सांगायला बोलावलं होतं. आणि बाहेर कुणी नाहीये. ती गंमत नव्हती रे, सगळ्यांना सकाळीच कळलं होतं. तुझ्याशी बोलायचं कसं, तेच कुणाला सुचेना."