दुसऱ्या घड्याळाखाली

शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवर एका जुन्या दुकानाच्या दोन कोपऱ्यांवर दोन मोठी घड्याळं आहेत. त्यातल्या एका घड्याळाखाली मेव्हनं आपलं तान्हं बाळ पहिल्यांदाच सासूच्या हवाली केलं.

"जा पोरी, मनसोक्त हिंड," हलीनाबाई म्हणाल्या. "आतला रंगीत काचांचा घुमट बघ, वरच्या हॉलमध्ये बसून गरम गरम सूप पी. पाचला इथंच ये."

मेव्ह ऐटीत निघाली आणि दुसऱ्या घड्याळापर्यंत पोचली. पुढे पाऊल उचलेना. गर्दीतून बाबागाडीचं निळं छत दिसत होतं. तेवढंच बघत ती दिव्याच्या खांबाआड उभी राहिली.

पाचला परतली.

"घुमट पाहिलास?"

"काय सुंदर आहे हो, आई!"

"आणि सूप?"

"एकदम मस्त."

हलीनाबाईंनी पिशवीतून सँडविच काढून तिच्या हातात ठेवलं.

"खा आता, उपाशी असशील. दिव्याच्या खांबाआड माणूस लपत नाही गं. तुझ्या नवऱ्याच्या वेळी मीही तिथंच उभी होते. सासूबाईंना मात्र सांगितलं, सूप दोनदा मागून घेतलं."