उजवीकडचं स्टीअरिंग

महिनाभर आम्ही जेवणाच्या टेबलावर जेवलो नव्हतो, कारण तिथे ह्यांची गाडी तयार होत होती. लेकीनं अमेरिकेत पहिली गाडी घेतली, तिचीच ही तळहाताएवढी प्रतिकृती. सुटे भाग परदेशी खोक्यातले, त्यामुळे स्टीअरिंग डावीकडे. ह्यांनी आपल्या प्रत्येक मॉडेलला करतात तसा डॅशबोर्ड कापून ते आपल्याकडच्यासारखं उजवीकडे आणलं.

रविवारी व्हिडिओ कॉलवर ह्यांनी मोठ्या ऐटीत गाडी दाखवली. शाल्मली क्षणभर बघत राहिली आणि खो खो हसत सुटली. "अहो बाबा, इकडे स्टीअरिंग डावीकडेच असतं!"

ह्यांचा चेहरा एवढासा झाला. तिला गाडी शिकवली होती ती ह्यांनीच. "आत्ता बदलतो," म्हणत कटर उचलला, तशी ती ओरडली, "नको! ते राहू दे, डावीकडे अजून एक लावा. तुम्ही इकडे आलात की माझ्या उजव्या हाताला बसणार आणि मी चालवताना ब्रेक दाबल्यासारखे तुम्ही पूर्वीसारखेच पाय आपटणार."

तिच्या प्रत्येक बोलावण्यावर "मी तिकडे येऊन काय करू?" हे ह्यांचं ठरलेलं उत्तर. मी ते ऐकायच्या तयारीतच होते, पण हे नुसते "बघू" म्हणाले आणि पुन्हा टेबलाशी बसले.

संध्याकाळी पोळ्या झाल्यावर मी टेबल रिकामं करायला गेले, तर गाडी वाळत ठेवलेली. चष्मा लावून आत डोकावले. डावीकडे लेकीचं नवं स्टीअरिंग होतं, उजवीकडे ह्यांचं. आणि ह्यांच्या स्टीअरिंगखाली, पाय जिथे आपटतात नेमक्या त्या जागी, तांदळाच्या कणीएवढा एक जादा ब्रेक चिकटवलेला होता.